मुकुंद, त्या चढावर मी गेलो नव्हतो

मुकुंद,

तू गेल्यापासून मी रोज दुपारी तो चढ चढतो.

जेवण झालं की खिडकीजवळच्या खुर्चीत माझा डोळा लागतो. बाहेर नोव्हेंबरचं धुकं असतं. समोरच्या घराची चिमणी तेवढी दिसत असते, मग तीही विरघळते. पायाखाली ओली तांबडी माती येते. डाव्या हाताला अळूची पानं, माझ्या छातीपर्यंत उंच. पुढे तुरीची दोन-चार झाडं, त्यांच्यात घुसलेली केळ, केळीवर चढलेला कोनफळाचा वेल. पाणी कुठेतरी वाहतंय पण दिसत नाही. हे सगळं तू सांगितलं होतंस तसंच्या तसं. मी चालत राहतो. दम लागत नाही, गुडघा कुरकुरत नाही. वर कुणीतरी भांडी घासतंय, त्यांचा आवाज जवळजवळ येतो. आता पोचणार, तेवढ्यात जाग येते.

तू असतास तर म्हणाला असतास, "आता जातोस होय रे?"

हो. आता जातो. तेव्हा गेलो नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली, आणि तेही तू वाचणार नाहीस अशी खात्री झाल्यावर.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुझ्याविषयी लिही, असं मला सांगण्यात आलं, कारण तुला सगळ्यांत जास्त काळ ओळखणारा मीच. तुझा जन्म, शिक्षण, नोकऱ्या यांतलं काही मी लिहिणार नाही. मला एका कागदाविषयी लिहायचं आहे. पण त्या कागदाकडे सरळ जाता येत नाही, मुकुंद. वाटेत ते बेट आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. श्टुटगार्टजवळच्या शेतकी विद्यापीठात आपण दोघे एका खोलीत राहिलो, आणि पुढे बाड हॉम्बुर्गच्या एका लहान सल्लागार कचेरीत समोरासमोरच्या टेबलांवर बसून म्हातारे झालो. तू गुहागरकडचा, नारळी-पोफळीच्या सावलीत वाढलेला. मी कराडकडचा, तलाठ्याचा मुलगा. माझ्या वडिलांच्या लेखी जमीन दोनच प्रकारची होती. सरी पाडलेली आणि पडीक. मी जर्मनीत येऊन डॉक्टरेट केली, पण डोळे वडिलांचेच राहिले.

हातात युरोच्या नोटा आल्या त्याच वर्षी आपण त्या बेटावर गेलो. बेटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उत्तरेकडचा एक तालुका, तिथे त्याला पॅरिश म्हणतात. खाली कोकोचा जुना मळा, मळेवाल्या गोऱ्यांचं छप्पर गेलेलं घर, कोको वाळवायच्या लांबलचक शेड, आणि मागे हिरवाकंच डोंगर. साखर कधीच बुडाली होती, केळ्यांना कुणी विचारत नव्हतं, तरुण माणसं परदेशी निघून गेली होती. आता पर्यटक यावेत, जुन्या वास्तू जपल्या जाव्यात आणि शेतीही जगावी, असा एक आराखडा करून द्यायचा होता. त्याचा पाया म्हणजे जमिनीचा नकाशा. कुठे मळा, कुठे कुरण, कुठे जंगल, कुठे पडीक.

पहिल्याच दिवशी तू जीप थांबवलीस. खाली उतरलास, ओहोळाकाठचं एक पान उलटं करून पाहिलंस आणि गाडीतल्या मला म्हणालास, "अरे, अळू आहे." ड्रायव्हर म्हणाला, डशीन. तू म्हणालास, अळू. तो पुन्हा म्हणाला, डशीन. शेवटी आपण उतरलो होतो त्या घराच्या स्वयंपाकघरात हा वाद मिटला. तिथल्या बाईंनी त्या पानांचं नारळाचं दूध घालून सूप केलं, तू शेजारच्या शेगडीवर फदफदं केलंस, आणि दोघांनी एकमेकांच्या पातेल्यात चमचा घालून पाहिला. त्या म्हणाल्या, मीठ कमी आहे. तू म्हणालास, तुमच्यात चिंच नाही. नंतरचे सहा आठवडे त्यांनी तुला भाजी निवडायला बसवलं आणि मला नुसतं वाढलं.

अजूनही दुपारच्या त्या अर्धवट झोपेत मला वाळवणाची शेड दिसते. पायलीपायलीनं पसरलेल्या कोकोच्या बिया, त्यांचा आंबूस गोड वास, आणि अनवाणी बायका पाय घसटत, एका लयीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललेल्या. बिया उलटायची ती त्यांची पद्धत. तिला त्या नाचणंच म्हणायच्या. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांच्यात शिरलास. बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. पण एक उंच, काटक म्हातारी हसली नाही. ती तुझ्या पावलांकडे बघत होती. नंतर मला म्हणाली, ह्या माणसानं लहानपणी धान्य वाळवलंय. ती मिस युडोरा. वरच्या उतारावर राहायची.

तिनं तुला वर नेलं. पहिल्या पंधरवड्यात तू तीनदा गेलास, आणि परत आलास की व्हरांड्यात बसून सांगत राहायचास. मी ऐकायचो. त्या उताराचं जे काही मला माहीत आहे ते त्या व्हरांड्यात कळलेलं आहे.

खालच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांना रविवारी तेवढा वेळ मिळायचा. त्या वेळात त्यांनी वरचा चढ लावला होता. सुटका झाल्यावर ती माणसं तिथेच राहिली. जमिनीला कागद नव्हता. बाळ जन्मलं की त्याची नाळ अंगणापलीकडे पुरायची आणि तिथे रोप लावायचं, नीरफणसाचं, नारळाचं किंवा जायफळाचं. ते झाड त्या बाळाचं. बाळ मोठं होऊन लंडनला जावो की टोरांटोला, झाड त्याचंच. ज्यांची ज्यांची झाडं उभी आहेत त्या सगळ्यांची मिळून जमीन. एकट्याला विकता येत नाही. हद्दीला लाल पानांची झुडपं. बस, एवढीच त्यांची मोजणी.

तू निळ्या वहीत लिहून घ्यायला लागलास. हा नीरफणस युडोराच्या वडिलांचा. हा नारळ धाकट्या बहिणीचा, ती बर्मिंगहॅमला परिचारिका. हे जायफळ नातवाचं, अजून फळ धरलेलं नाही. वहीच्या पहिल्या पानावर तू मोठ्या अक्षरांत लिहिलंस, झाडांचा सातबारा. मला हसू आलं. मी म्हणालो, असल्या सातबाऱ्यावर कुठलं कोर्ट विश्वास ठेवेल? तू म्हणालास, "तुझी नाळ कुठे पुरलीय ते ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक होतं. गोठ्यामागे. तू म्हणालास, "कोर्टानं सांगितलं का?"

आपला खरा वाद त्याच व्हरांड्यात सुरू झाला. मी म्हणायचो, पर्यटकाला दाखवण्यासारखं लागतं. जहाजातून उतरलेली माणसं दोन तासांसाठी येणार, त्यांना घर दाखवा, शेड दाखवा, वरून समुद्र दाखवा. तू म्हणायचास, दगड जुना असला की तो वारसा, आणि झाड जुनं असलं की ते जंगल, हे कुणी ठरवलं? त्यांना युडोराच्या अंगणात जेवायला बसवा, प्रत्येक झाड कुणाचं ते तिला सांगू द्या. मी म्हणायचो, तासाला चार बसगाड्या आल्या तर ती म्हातारी किती जणांना वाढणार? तू म्हणायचास, मग तीनच माणसं येऊ देत. तो वाद आपण कधी संपवला नाही. आज मला वाटतं की तुझं बरोबर होतं, पण आता हे म्हणण्यात काय राम आहे?

आता त्या दिवसाकडे येतो.

हवाई छायाचित्रांवरून केलेला कच्चा नकाशा घेऊन प्रत्यक्ष चालायचं आणि प्रत्येक तुकड्यात काय आहे ते नोंदवायचं, असं शेवटच्या आठवड्यातलं काम होतं. आपली नेहमीची वाटणी झाली. खालचा मळा आणि शेड तुझ्याकडे, वरचा उतार माझ्याकडे. तू मुद्दाम मला वर पाठवत होतास. तुला वाटत होतं, एकदा पाहिलं की वाद मिटेल.

जीपनं मला चढाच्या पायथ्याशी सोडलं. तिथे एक दुकान होतं, पत्र्याच्या छपराचं, पुढे बाकडी टाकलेली. आपला क्रिकेटचा संघ तेव्हा त्या बेटांवर खेळायला आलेला होता आणि दुकानातल्या रेडिओवर सामना चालू होता. चार-पाच म्हातारे डॉमिनो खेळत ऐकत होते. मला पाहताच त्यांनी जागा करून दिली आणि आपल्या फलंदाजांची यथेच्छ टिंगल सुरू केली. पस्तीस-चाळीस वर्षं जर्मनीत काढलेल्या माणसाला त्या बाकड्यावर काय वाटलं ते तुला कळलं नसतं, तुला क्रिकेटचा कंटाळा होता. मी ठरवलं, हे षटक संपलं की निघू. मग म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत निघू. सुट्टीत त्यांनी तळलेला मासा पुढे केला. मग म्हटलं, चहापानाला. तिकडे सूर्य हळूहळू मावळत नाही, भस्कन पडतो. जीप आली तेव्हा डोंगर काळा झाला होता आणि माझ्या हातातला कच्चा नकाशा सकाळी होता तसाच होता.

दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही सामना होता.

बाड हॉम्बुर्गला परतल्यावर फॉर्म भरायचा होता. कचेरीचा नियम असा की जो चालून बघतो तो नकाशा काढत नाही आणि जो नकाशा काढतो तो चालल्याची सही करत नाही. चार डोळ्यांनी पाहिलं जावं, हा हेतू. जमिनीवर काय आहे याची जबाबदारी चालल्याची सही करणाऱ्याची. पण आपण दोघांनी वीस वर्षं तो नियम आपल्या सोयीनं वाकवला होता. डोंगर वाटून घ्यायचा, आणि कागदावर मात्र चालल्याची सही सगळीकडे तुझी, नकाशाची सगळीकडे माझी. एकमेकांवर इतका विश्वास की दुसऱ्या दोन डोळ्यांची गरजच वाटली नाही. ही सवय आपली दोघांची होती. तिचा फायदा मी एकट्यानं घेतला.

तू त्याच आठवड्यात काजूच्या कामासाठी घानाला निघाला होतास. मी फॉर्म तुझ्यापुढे ठेवला. तू पेन उघडलंस आणि विचारलंस, "वर गेला होतास ना?"

मी म्हणालो, "हो."

"युडोरानं जेवायला घातलं असेल."

मी पुन्हा म्हणालो, "हो."

तू खूश होऊन सही केलीस. म्हणालास, आता तुला सांगायला नको.

तू गेल्यावर मी छायाचित्रांवरून रंग भरले. वरून पाहिलं तर तो उतार म्हणजे एक सलग झाडोरा. सरी नाही, बांध नाही, ओळ नाही. तुझ्या व्हरांड्यातल्या गोष्टी मला आठवत नव्हत्या असं नाही. पण आपल्या खुणांच्या तक्त्यात तसल्या बागेसाठी रंगच नव्हता, आणि नवा रंग मागायचा तर फ्राऊ लिंडनर, आपल्या संचालक बाई, विचारणार की तुम्ही स्वतः काय पाहिलंत. म्हणून मी वरचा उतार पिवळा केला. पिवळा म्हणजे पडीक.

तू आठ महिन्यांनी परत आलास तोवर त्या पिवळ्या रंगावर यंत्रं चढली होती. समुद्र दिसावा म्हणून सज्जा, बसगाड्यांसाठी मोकळी जागा. कागदावर तिथे कुणीच नव्हतं, म्हणून कुणाला विचारावंही लागलं नाही. लोक आडवे पडले तेव्हा काम थांबलं, पण उताराचा वरचा भाग तोवर सपाट झाला होता.

तक्रारींसोबत एक पत्र आलं होतं, शाळेच्या वहीतल्या पानावर लिहिलेलं. बेटाकडचं टपाल मी उघडायचो. मिस युडोरानं लिहिलं होतं, "तुमच्यातला एक माणूस वर आला, आमच्यात बसून जेवला, झाडांची नावं लिहून घेऊन गेला. दुसरा खाली दुकानात रेडिओ ऐकत बसला. मी त्याच्यासाठी पान वाढून ठेवलं होतं. आम्ही इथे राहत नाही, असं दोघांपैकी कुणी लिहिलं?"

ते पत्र मी फाईलला लावलं नाही. घरी आणलं. ते एक पान पुढे आलं असतं तर तुला कुणी एक शब्द बोललं नसतं.

फ्राऊ लिंडनरनी आपल्या दोघांना बोलावलं. टेबलावर फॉर्म होता. त्यांनी तुला विचारलं, हेर् साळवी, हा उतार तुम्ही पाहिलात का? तू फॉर्मकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. किती वेळ पाहिलंस ते सांगता येणार नाही, मी टेबलाच्या कडेकडे बघत होतो. मग तू म्हणालास, "सही माझी आहे." त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. तू पुन्हा तेच उत्तर दिलंस. खोटं बोलला नाहीस आणि खरंही सांगितलं नाहीस. खरं सांगायची पाळी माझी होती.

संध्याकाळी आपण नेहमीप्रमाणे एकाच एस-बान लोकलनं निघालो. ओबरउर्सेल स्टेशन आलं. मग तू शांतपणे विचारलंस, "तुला काही सांगायचंय का?"

मी म्हणालो, "बाई फारच कडक वागल्या."

तू जर्मनमध्ये म्हणालास, "गेनाऊ," अगदी बरोबर, आणि खिडकीबाहेर बघायला लागलास.

दोन महिन्यांनी तू मुदतीआधी निवृत्त झालास. मी वर्षभर आणखी राहिलो. निरोपाला मला फुलं मिळाली.

आपल्या मंडळात गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. पोचता पोचता तिचा विनोद झाला. गणपतीला एश्बॉर्नच्या एका आयटीवाल्यानं हॉलच्या दारातच तुला गाठलं आणि म्हणाला, काका, बाहेर गाडी लावायला जागा नाहीये, एखादी बाग पाडून देता का? सगळे हसले. तूही हसलास. आणि मुकुंद, मी हसलो. माझ्या हातात प्रसादाची वाटी होती, ती मी खाली ठेवली आणि नीट हसलो. सुनंदावहिनी मागे ताटं उचलत होत्या. त्या पुढच्या वर्षी आल्या नाहीत, नंतरही आल्या नाहीत. त्यांना थंडी बाधते असं तू सांगायचास.

तू मला टाकलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तू टाकलं नाहीस. शहराच्या कडेला तू भाड्यानं बागेचा तुकडा घेतलास आणि तिथे सगळं एकमेकांत लावून दिलंस, मका, त्यावर घेवडा, खाली भोपळा, मध्येच झेंडू. बागवाल्यांच्या फेराइनकडून, म्हणजे संघाकडून, पत्र आलं की तुमचा वाफा कुठे संपतो आणि वाट कुठे सुरू होते ते समजत नाही, चार आठवड्यांत सुधारणा करावी. तू ते पत्र काच लावून खोपटात टांगलंस. दर शनिवारी मला बोलवायचास. पिशवीभर भाजी द्यायचास. हात मागे बांधून बाग दाखवायचास, आणि प्रत्येक वळणावर जरा थांबायचास. ते थांबणं तू माझ्यासाठी सोडत होतास, हे मला दर वेळी कळत होतं. दर वेळी मी भोपळ्याची चौकशी केली.

त्या शनिवारांसाठी मी तुझा ऋणी आहे. उन्हं तिरपी व्हायची, मधमाश्या सुस्तावायच्या, तू थर्मासातला चहा ओतायचास, आणि काही क्षण असे यायचे की आपण कुठल्या देशात बसलोय ते मला आठवायचं नाही. त्या क्षणांत मी काहीच केलेलं नसायचं.

दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी सांगायचंच ठरवून आलो होतो. औषधांमुळे तू गुंगीत होतास. पडदा हलत होता, भिंतीवर पानांच्या सावल्या होत्या, आणि तू त्यांच्याकडे बघून कुणाची तरी नावं घेत होतास. मध्येच माझ्याकडे वळलास. आवाज अगदी स्वच्छ होता.

"वर गेला होतास ना?"

मी तुझा हात धरला होता. म्हणालो, "हो."

"मग झालं," तू म्हणालास आणि डोळे मिटलेस.

तू मला सोडवत होतास की तपासत होतास, की फक्त झोपेत बोलत होतास, ते मला कधीच कळणार नाही. मला एवढंच माहीत आहे की तोच प्रश्न मला दुसऱ्यांदा मिळाला आणि मी तेच उत्तर दिलं.

तुझे दिवसवार झाल्यावर मी वहिनींकडे गेलो. त्या जेवणाच्या टेबलावर तुझ्या बियांच्या पुड्या मांडून बसल्या होत्या. मी युडोराचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं, त्याचं मराठी करून वाचून दाखवलं, आणि दुकान, रेडिओ, फॉर्म, सगळं सांगितलं. मला वाटत होतं त्यांना ठाऊक असेल. तू घरी सांगितलं असशील.

तू सांगितलं नव्हतंस.

बराच वेळ त्या एक पुडी उघडत-मिटत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ह्यांनी काहीच केलं नव्हतं?"

मी म्हणालो, नाही, काहीच नाही.

"मी ह्यांना बोलले होते, भाऊजी. घरी बसायची वेळ आली त्या दिवशी. म्हटलं, जन्मभर झाडं झाडं केलंत आणि एका म्हातारीची झाडं तुम्हाला दिसली नाहीत. हे गप्प राहिले. मला वाटलं, लाज वाटली असेल." त्यांनी पुडी खाली ठेवली. "आता ते शब्द मी कुणाकडून परत घेऊ?"

मी माझं ओझं उतरवायला गेलो होतो, मुकुंद, आणि ते मी त्यांच्या डोक्यावर ठेवलं. मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मला मागू नका. माझ्याकडे नाहीये ती. आणि ह्यांच्या वतीनं तर मी देणारच नाही. जिथे लोक हसले, तिथे सांगा."

म्हणून इथे सांगतो आहे. ज्यांनी विनोद ऐकला त्या सगळ्यांनी हेही ऐकावं. त्या बेटावरच्या वरच्या उताराची पाहणी मुकुंद साळवीनं चुकवली नाही. ती माझ्याकडे होती आणि मी गेलोच नाही. त्याची सही मी खोटं बोलून घेतली. पिवळा रंग माझ्या हातानं भरला. त्याला निर्दोष ठरवणारं पत्र मी दडवलं. तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्यावर मी पाच वर्षं जगलो.

हेच मी जर्मनमध्ये लिहून फ्राऊ लिंडनरना नेऊन दिलं. त्याही आता निवृत्त आहेत, ओबरउर्सेलला राहतात. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, आल्झो, म्हणजे बघा, शंका मला तेव्हाच आली होती. पण सही होती. मी म्हणालो, हो, सही होती. त्यांनी कॉफी विचारली नाही आणि मीही थांबलो नाही. त्यांनी ते कागद कचेरीत पोचवले आहेत.

बेटावरच्या तालुका समितीलाही कळवलं. वहिनींनी तुझी निळी वही दिली, तिची मी स्वच्छ प्रत काढून इंग्रजी केली. तीन आठवडे लागले. एकेक झाड लिहिताना ते कुणाचं, तो आता कुठे, हे तू कसं कसं विचारलं असशील ते दिसत होतं. उत्तर आलं की मिस युडोरा गेल्या वर्षी वारल्या. उरलेल्या उताराच्या हक्काचं प्रकरण चालू आहे, आणि तुझी यादी त्यांनी त्यात जोडली आहे. युडोराच्या भाचीनं आणखी पाच प्रती मागवल्या आहेत. मी धाडल्या. वर तुझं नाव घातलं, माझं कुठे नाही.

हा लेख छापायला देण्याआधी मी वहिनींना वाचायला पाठवला. मला वाटलं त्या स्वतःचे शब्द काढायला सांगतील, ते सगळ्यांसमोर यावेत असं त्यांना वाटणार नाही. चार दिवसांनी कागद टपालानं परत आले. त्यांच्या बोलण्याला त्यांनी हात लावला नव्हता. दवाखान्यातल्या प्रसंगालाही नाही. पेन्सिलनं एकच शब्द खोडला होता, तो जिथे जिथे आला होता तिथे तिथे. मित्र.

मी फोन केला. त्या म्हणाल्या, "तो शब्द ह्यांनी लिहिला असता तर चालला असता, भाऊजी. तुम्ही नका लिहू."

बरोबर आहे त्यांचं. मी सगळा लेख पुन्हा लिहून काढला. तो शब्द होता त्या प्रत्येक ठिकाणी आता नुसतं तुझं नाव आहे.